अकरा नंबरचं वाक्य

मी मुळात भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या विषयाकडे बघून लोकांचा उलटा समज होतो. कामाच्या ठिकाणी माणसांवर नजर ठेवणाऱ्या यंत्रांचा मी कायद्याच्या अंगाने अभ्यास करते म्हटलं की समोरच्याला वाटतं, ही बाई मोठी लढाऊ असणार. प्रत्यक्षात मी लिफ्टमध्ये एकटी चढत नाही, आणि कुठलाही मेल आला की आधी त्याची शेवटची ओळ वाचते, वाईट काही नाही ना म्हणून. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. मी त्या ब्रह्मराक्षसावर प्रबंध लिहिला आणि पुढे त्याच्यावरच पगार घेतला.

भिवंडीतच वाढले. वडील तालुका कोर्टात कारकून, आई शाळेत शिक्षिका. घरामागच्या भिंतीपलीकडे लूमची खटखट चालायची आणि ती थांबली तरच आम्हाला जाग यायची. कायदा शिकले, कायदाच शिकवायला लागले, आणि त्यातही कामगार कायदा. तोवर सगळं सोपं होतं. मालक दिसायचा, मुकादम दिसायचा, दोघांना नावं ठेवता यायची. मग शहराबाहेर निळ्या पत्र्यांची गोदामं उभी राहिली, वळ, पूर्णा, राहनाळ या गावांत, आणि माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी एकाचा भाऊ एके दिवशी कॉलेजात मला भेटायला आला. त्याला गोदामाच्या गेटवर अडवलं होतं. कोणी अडवलं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "कोणीच नाही मॅडम. सिस्टीमने."

त्या एका शब्दाची मला भीती बसली, आणि तिथून माझा विषय सुरू झाला. भीतीने माणसं पळतात. मी भीतीने वाचत सुटते. कुठल्या देशात काय कायदा झाला, हजेरी यंत्राने कापली तर दाद कोणाकडे मागायची, कॅमेऱ्याने माणसाला आळशी ठरवलं तर कॅमेऱ्याची उलटतपासणी कशी घ्यायची. लेख लिहिले, परिषदांना गेले, थंडगार सभागृहांत भाषणं केली. माझं एक ठरलेलं वाक्य होतं, "शेवटचा निर्णय माणसानेच घेतला पाहिजे." त्यावर टाळ्या पडायच्या. टाळ्या पडल्या की मलाही तेवढ्यापुरतं धीट वाटायचं.

मग पूर्ण्याच्या एका गोदाम कंपनीने बोलावलं. त्यांनी नवी यंत्रणा बसवली होती. प्रत्येक कामगाराच्या हातात स्कॅनर, त्याला सगळे गन म्हणत. गनने पाकीट टिपलं की मोजणी होई, दोन पाकिटांमध्ये जास्त वेळ गेला की गन ओरडे, आणि दिवसाअखेर प्रत्येकाला गुण मिळत. गुण घसरत गेले की गेटवरचं कार्ड हिरव्याऐवजी लाल दिवा दाखवी. लाल दिव्याची खरी दहशत पुढे होती. ठेकेदार सगळीकडे तेच, त्यांची यादीही एकच. एका गेटवर लाल झालेलं कार्ड त्या पट्ट्यातल्या बहुतेक गोदामांत लालच राहायचं. हे सगळं माणुसकीला धरून आहे का, याचा अहवाल कंपनीला बाहेरच्या अभ्यासकाकडून हवा होता. मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला. आपल्याच गावच्या गोदामात आपण काहीतरी बदलू, असं वाटलं.

मुलाखतींसाठी मी एक कागद तयार केला. तुमचं नाव कुठेही येणार नाही, फक्त नंबर येईल, असं त्यावर लिहून खाली माझी सही. प्रत्येकाला एक प्रत दिली. गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर, सुट्टीत झाडाखाली, कधी घरी जाऊन बोलले. अकरा नंबरची मुलाखत वळ गावात, त्या बाईच्या घरी झाली.

तिला मी वहिनी म्हणायचे. वयाने माझ्याएवढीच, चाळिशी ओलांडलेली. सासर खाडीकाठचं, पूर्वी भात आणि मासे दोन्ही करणारं. जमीन गेली, तिच्या जागी गोदाम आलं, आणि त्याच गोदामात ती परत आलेल्या मालाची पाकिटं उघडून बघायच्या कामाला लागली. नवरा वारलेला, मुलगी नर्सिंगला. सासू होती, दीर होता. दीर अजून जाळं घेऊन खाडीवर जायचा. वहिनीच्या पगारावर घर चालायचं. पहिल्या भेटीत ती मला मॅडम म्हणाली. दुसऱ्या भेटीत मी तिच्याकडे चिंबोऱ्यांचं कालवण खाल्लं, बोटं चाटून खाल्लं, तेव्हापासून बाय म्हणायला लागली. "अवसेची चिंबोरी हाय, भरलेली. टाऊनला आशी मिलायची न्हाय, बाय," म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी एक टाकली.

ती बोलायला लागली की थांबायची नाही. मी फोन रेकॉर्डिंगला लावून मध्ये ठेवला होता आणि स्वतः पुढचा प्रश्न वहीत लिहीत होते. ऐकण्याचं काम मी फोनला दिलं होतं. हे आता कळतं. तेव्हा मी त्याला शिस्तशीर काम म्हणत होते.

अशा पंचवीसेक मुलाखती साठल्या. ते सगळं बोलणं लिहून काढायला महिने लागले असते, आणि अहवाल तर इंग्रजीत हवा होता. कॉलेजातल्या सगळ्यांकडे होतं तसं एक एआयचं साधन माझ्याकडेही होतं. आवाज घातला की मजकूर देई, मजकुराचं इंग्रजी करून देई. झरझर काम झालं. मी इंग्रजी वाचलं, स्वल्पविराम नीट केले, नंबर घातले. अकरा नंबरच्या मुलाखतीत एक वाक्य होतं, ते वाचून मी खुर्चीत सरळ बसले. त्याचा अर्थ असा होता: काही दिवशी आम्ही भांगेच्या नशेत असतो. तेव्हा आम्ही हसतो, गप्पा मारतो, हात आपोआप चालतो, भूकसुद्धा लागते.

मला वाईट वाटलं आणि त्याबरोबर, सांगायला लाज वाटते, आनंदही झाला. अभ्यासकाला असं काही सापडलं की होतो तो आनंद. यंत्राच्या वेगाला तोंड देण्यासाठी बायका नशा करताहेत! मी त्यावर अर्धं पान लिहिलं. फार सहानुभूतीने लिहिलं. यात बायकांचा दोष नाही, कामाच्या ताणाचा आहे, त्यांना शिक्षा नको, आधार द्या, असं. आणि माहिती नेमकी असावी म्हणून लिहिलं, "परत आलेल्या मालाच्या विभागातली, खाडीकाठच्या गावातली एक महिला कामगार." त्या विभागात बायका चार होत्या. खाडीकाठची एकच.

अहवाल दिला. कंपनीने आभाराचं पत्र पाठवलं. मी शेवटची ओळ आधी वाचली, चांगली होती.

काही आठवड्यांनी वहिनीचा फोन आला. सकाळची शिफ्ट सुरू व्हायची वेळ, मागे कंटेनरचे हॉर्न वाजत होते. "बाय, माजं कार्ड लाल दाखवतंय गो. वाचमन बोलतो बाजूला हो. माजे गुन तं चांगले हायेत. काल पन चांगले हुते."

मी म्हटलं, काहीतरी बिघाड असेल. मी बघते. फोन ठेवला. का लाल झालं हे मला कोणी सांगितलं नव्हतं, तरी हात आधी अहवालाकडेच गेला. अहवाल काढला, ते अर्धं पान उघडलं, आणि "खाडीकाठच्या गावातली" हे शब्द परत परत वाचत राहिले. नाव येणार नाही म्हणून सही केली होती मी. नाव आलं नव्हतं. नावाशिवाय बाकी सगळं आलं होतं.

मनुष्यबळ विभागाच्या अधिकाऱ्यांना फोन केला. गृहस्थ बाहेरून आलेले, हिंदी बोलणारे, वागायला अतिशय नम्र. म्हणाले, "मॅडम, आप ही की रिपोर्ट है. मशिनरी का एरिया है, नशे में कोई गिर गया तो? आणि निर्णय तुमच्या शिफारशीप्रमाणेच झाला. सिस्टीमने काही नाही केलं. मैंने खुद पढ़ा, मैंने खुद डिसाइड किया." शेवटचा निर्णय माणसाने घेतला होता. अगदी अहवालातही घातलेल्या माझ्या त्या वाक्याबरहुकूम.

दुसऱ्या दिवशी मी वळ गावी गेले. रिक्षात बसल्यापासून माझी तयारी चालली होती. वहिनी भांग घेते हे मी धरूनच चालले होते. तिच्या वाक्यावर नाही, यंत्राने केलेल्या तिच्या वाक्याच्या भाषांतरावर माझा इतका विश्वास होता. माझा गुन्हा मला एवढाच दिसत होता की मी तिचं गुपित फोडलं. घरात शिरले, सासू बाहेर ओटीवर निवट्या, खाडीतली बारकी मासळी, साफ करत बसली होती, म्हणून आवाज खाली आणला आणि वहिनीला म्हटलं, "वहिनी, यात लाजण्यासारखं काही नाही. ताण असतो. माणूस आधार शोधतं. आपण डॉक्टरांशी बोलू."

"कसला आधार?"

"भांगेचा."

"भांगेचा? मी? होलीला पन कदी तोंडात घातली न्हाय, गो."

"तुम्हीच म्हणाला होतात. मुलाखतीत. भांग असली की हसतो, गप्पा मारतो, भूक लागते."

आणि मग ती हसली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अगो बाय! शिकली सवरली आन् काय गो तुजं! पान्याचा भांग. खाडीच्या पान्याचा. पुनवेला, अवसेला उदान येतं, पानी बांदापर्यंत चढतं. आन् अष्टमीला भांग. पानी भरत पन न्हाय आन् सुकत पन न्हाय, निस्तं डुलत रातं. तसा माल येतो आमच्याकडं. सन आला का उदान, मानूस दिसत न्हाय, निस्ती पाकिटं. आन् सन सरला का भांग. भांगात आमी बायका हसतो, बोलतो. हात आपसूक चालतो. जेवान गोड लागतं. आन् ती गन वरडते, का गो थांबली, का गो थांबली. भांगात काम नसतंच, तं पाकीट कुठून आनू?"

खाडी माझ्या घरापासून किती लांब? रिक्षाने अर्धा तास. आणि मला भांग म्हणजे दोनच माहीत होते, एक केसांतला आणि एक पिण्याची.

मीही हसले असणार. नक्की आठवत नाही, कारण पुढच्याच क्षणी वहिनीचं हसू उतरलं. तिने पदर खाली केला. "पन हे कंपनीला कोनी सांगितलं? मी तं कोनाशीच बोलले न्हवते. तुमच्याशीच बोलले हुते."

इतका वेळ ती मला तू म्हणत होती, आता तुम्ही झालं. मी म्हटलं, मी लिहिलं, चूक झाली, मी दुरुस्त करते. तिने मान हलवली. चहा केला, दिला, पण स्वतः बसली नाही. निघताना एवढंच म्हणाली, "कार्ड हिरवं होईल ना, बाय? पोरीची शेवटची परीक्षा हाय. आन् गावात कललं का मी भांग घेते, तं मी तोंड कुठं दाखवू?"

घरी येऊन ते रेकॉर्डिंग पहिल्यांदा स्वतःच्या कानांनी ऐकलं. "भांगात असलं का" असं ती स्वच्छ म्हणत होती. भांगात. पिण्याची भांग असती तर भांगेत म्हणाली असती. मराठी शाळेतल्या पाचवीच्या पोरालाही हा फरक कळतो. गा आणि गे, काना आणि मात्रा एवढाच. इंग्रजीत तो काना गेला. साधनाच्या मराठी मजकुरात तो जसाच्या तसा होता, पण तो मजकूर मी उघडलाच नव्हता.

वडिलांच्या कोर्टात नक्कल तयार झाली की खाली दोन सह्या लागत. एक नक्कल करणाराची, दुसरी रुजवात घेणाराची. दुसऱ्या माणसाने मूळ कागद समोर ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघायचं, मगच सही. वडील रुजवात घ्यायचे. एका वेलांटीसाठी पान परत लिहायला लावायचे आणि सगळे कारकून त्यांच्यावर चिडायचे. त्यांची मुलगी देशभर सांगत फिरते की यंत्राचं म्हणणं माणसाने तपासल्याशिवाय मानू नका. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

यानंतर मी लगेच धावत जाऊन सगळं कबूल केलं, असं लिहायला मला आवडलं असतं. मी तीन दिवस काही केलं नाही. मेलचे मसुदे लिहिले आणि पुसले. माझी पाचावर धारण बसली होती. एआयच्या नीतीवर बोलणाऱ्या बाईने एआयचं भाषांतर न तपासता छापलं, आणि त्यापायी एका कामगार बाईचा घास गेला. हे बाहेर कळलं की माझं काय राहणार? दोन समित्या, एक पुस्तक होऊ घातलेलं, विद्यार्थी. मी अंथरुणात पडून त्या प्रत्येकाचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचे आणि प्रत्येक चेहरा हसत असायचा. त्या तीन दिवसांत वहिनी मात्र रोज सकाळी गेटवर जात होती. कार्ड लावायची, लाल दिवा बघायची आणि परत फिरायची. मला फोन करायची नाही. वॉचमननेच मला नंतर सांगितलं.

चौथ्या दिवशी गोदामात गेले. अधिकाऱ्यांना सगळं सांगितलं, खाडी, अष्टमी, गा आणि गे. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "इंटरेस्टिंग है." मग त्यांनी एक सोपी वाट दाखवली. अहवाल आहे तसा राहू दे. त्या बाईंची लघवीची तपासणी करून घेऊ. रिपोर्ट साफ आला की कार्ड हिरवं, विषय संपला. "आपका भी कुछ नहीं बिगड़ेगा, मॅडम. बात यहीं खत्म."

मी त्या वाटेने गेले. म्हणजे जायला निघाले. जीव भांड्यात पडला म्हणतात तसं मला खरोखर झालं. गेटबाहेर येऊन, त्या चहाच्या टपरीवर उभी राहून मी वहिनीला फोन लावला आणि गोड आवाजात समजावलं, की एक छोटीशी तपासणी आहे, पाच मिनिटांचं काम, मग सगळं नीट होईल.

ती म्हणाली, "लगवी तपासनार? कंपनीत?"

"हो. पण काही नाही त्यात."

"मी घेतली न्हाय हे त्यांना म्हाइती हाय?"

"मी सांगितलंय."

"मंग तपासायची कशाला?" तीच पुढे म्हणाली, "बरं. तुमी सांगाल तं देते. कार्ड हिरवं व्हायला पायजे."

मी फोन धरून उभी राहिले. तिने नाही म्हटलं असतं, चिडली असती, शिव्या दिल्या असत्या तर मला बरं पडलं असतं. ती माझ्या चुकीसाठी बाटली भरून द्यायला तयार होती, आणि मी तिला तसं करायला सांगत होते, कारण मला माझ्या नावाची भीती वाटत होती. मला स्वतःची किळस आली. टपरीवाल्याने चहा पुढे केला तो मी तसाच ठेवला आणि परत आत गेले.

अधिकाऱ्यांकडून कोरे कागद मागितले. हाताने लिहिलं, आधी मराठीत, खाली इंग्रजीत. माझ्या अहवालातलं अमुक पान चुकीचं आहे. संबंधित कामगाराने नशेबद्दल काहीही म्हटलेलं नाही. तिने भरती-ओहोटीतला शब्द वापरला होता. भाषांतर यंत्राने केलं आणि मी ते मुळाशी ताडून पाहिलं नाही. चूक यंत्राची असली तरी दोष माझा आहे, आणि त्या कामगाराची कोणतीही तपासणी होऊ नये. खाली सही केली. अधिकाऱ्यांनी कागद वाचला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहिलं. म्हणाले, मग पूर्ण अहवालच बाजूला ठेवावा लागेल. एक पान चूक, तर बाकीच्यावर विश्वास कसा ठेवायचा?

बाकीच्या पानांत खरं ते सगळं होतं. काम नसतानाच्या वेळेची मोजणी बंद करा, गेटवर लाल दिव्याबरोबर कारण सांगणारं एक माणूस बसवा, लघवीला जायचा वेळ गुणांतून कापू नका. त्यांचा प्रश्न मला खोडता येईना. समोरच्या वकिलाने हाच मुद्दा मांडला असता तर मी वर्गात त्याचं कौतुक केलं असतं. अहवाल गेला. एका समितीने पुढच्या बैठकीचं निमंत्रण पाठवलं नाही, दुसरीने पाठवलं पण विषय बदलून. पुस्तकाबद्दल प्रकाशक अजून काही बोललेले नाहीत. कार्ड दुसऱ्या दिवशी हिरवं झालं.

पंधरा दिवसांनी मी वळ गावी गेले. फोनवर माफी मागितली होती, पण समोरासमोर मागायची राहिली होती. वहिनीने घरात घेतलं, पाट दिला, पाणी दिलं. ड्युटी बरी चालली आहे म्हणाली. पोरीची परीक्षा चांगली गेली म्हणाली. मी माफी मागितली तर म्हणाली, "जाऊ द्या. झालं ते झालं." राग नव्हता तिच्या बोलण्यात. पण पूर्वी एका प्रश्नाला दहा वाक्यं देणारी बाई आता जेवढ्यास तेवढं उत्तर देत होती, आणि प्रत्येक उत्तराआधी थोडी थांबत होती.

दीर बाहेर जाळं झाडत होता. ओटीवरून सासूने हाक मारली, "अगो, मागच्या दारानं बघून सांग गो, पानी कसं हाय आज?"

वहिनी मागच्या दारापर्यंत गेली, खाडीकडे बघितलं. मग वळून माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या फोनकडे. तो बंद होता. मी तो उचलून तिला दाखवलासुद्धा, बंद आहे म्हणून.

"कमी हाय," ती म्हणाली.

"कमी म्हंजे काय गो?" म्हातारी आत डोकावली. "वहाट हाय, पानी उतरतंय, का भांग हाय?"

वहिनीने ओठ मिटले. ती घाबरली होती. स्वतःच्या घरात, सासूशी बोलताना, माझ्यामुळे घाबरली होती. म्हातारी उंबऱ्यात उभी राहून उत्तराची वाट बघत होती, बाहेर जाळं झाडायचं थांबलं होतं.

"कमी हाय," वहिनी परत म्हणाली, सावकाश, कोणालाही कळेल अशा आवाजात.